साहेबांची करडी सफारी

इंदूबाईचा कापूस पावसात भिजून पिवळा पडला होता. पंचनाम्याच्या फोटोचे रंग सुधारताना दारव्ह्याच्या तहसील ऑफिसातल्या राजदीपनं संगणकाला मूळ करडी वस्तू म्हणून नेमका तो कापूसच दाखवला. संगणकानं त्यावरूनच बाकीचे रंग जुळवले आणि फोटोतला सगळा पिवळेपणा धुऊन निघाला.

साहेब खूश. "कापूस तर पांढराशुभ्र! नुकसान कुठंय, बाई?"

इंदूबाईनं टेबलावर गाठोडं सोडलं. "हा पाहा ना, पिवळाजर्द!"

"फाईलला फोटो लागतो, कापूस नाही."

राजदीपला स्वतःचीच लाज वाटली. फोटोत साहेबही मिरवत होते. या वेळी त्यानं संगणकाला कापसाऐवजी त्यांची खरोखरची करडी सफारी दाखवली. फोटोतला कापूस पुन्हा पिवळा झाला. साहेबांचा गोरेपणाही उतरला.

"माझा रंग आधीचाच ठेव!"

राजदीप म्हणाला, "मंग कापूस बी खोटा होते, साहेब. गाठोडं कलेक्टरले दाखवू?"

साहेबांनी ऑफिसचा गोल शिक्का छापलेल्या फोटोतल्या स्वतःच्या तोंडावर हाणला आणि नुकसान मंजूर केलं.