माझ्या ‘नाही’ची गोष्ट

मी उमरग्यातल्या एका दवाखान्याच्या डेटाबेसमधला व्ह्यू, म्हणजे आतल्या टेबलांची, नोंदींच्या तक्त्यांची, यादी दाखवणारी खिडकी बोलतोय. कोणत्या टेबलात कोणते कॉलम आहेत, एवढंच मी सांगतो. पेशंटांची माहिती टेबलांच्या पोटात, माझं पोट रिकामं. तरी ऐट पाहावी तर माझीच.

माझ्या जन्मासाठी कुणी कष्ट घेतले नाहीत. दवाखान्याचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वीरप्पांनी इथं डेटाबेस बसवला, त्याच्यासोबत मी फुकट आलो. बाकीच्या डेटाबेसांतही माझे भाऊबंद माझ्याच नावाचे, माझ्याच घडणीचे असतात, म्हणून कुठलाही जाणकार मला चटकन ओळखतो. याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्या एका शब्दानं मी फार शेफारलो होतो.

वीरप्पांनी मात्र मला कधी काही विचारलं नाही. डॉक्टरांनी नवी नोंद ठेवायला सांगितली की ते नवंच टेबल करायचे. सगळं त्यांच्या तोंडपाठ. डॉक्टर आतून विचारायचे आणि वीरप्पा बाहेरून ओरडून सांगायचे. मग ते निवृत्त होऊन जळकोटला गेले. त्यांच्या जागी श्रीदेवी आली आणि तिनं पेशंटच्या सगळ्या नोंदी एकत्र दाखवणारी नवी स्क्रीन केली.

परवा सकाळी पायाची जखम चिघळली म्हणून धुरपताबाई आल्या. नर्स वर्षाराणी इंजेक्शन भरत होती.

“बाई, मागं एका सुईनं माझं तोंड सुजलं व्हतं, दम लागला व्हता,” धुरपताबाई म्हणाल्या. “कॉम्प्युटरात लिवलंय म्हनं.”

स्क्रीनवर तसं काही नव्हतं. वर्षाराणीनं श्रीदेवीला हाक मारली. “बघ की गं, सुई धरून थांबलेय.”

पेशंट नंबराचा कॉलम कुठल्या टेबलांत आहे, असं श्रीदेवीनं मला विचारलं. मी रुबाबात सहा नावं सांगितली. तिनं सहाही उघडली. नोंद कुठंच नव्हती.

“न्हाय दिसत काही,” ती म्हणाली. वर्षाराणीनं कापूस उचलला. धुरपताबाईंनी मात्र हात मागं घेतला.

“म्या खोटं कशाला बोलू?”

श्रीदेवीनं वीरप्पांना फोन लावला. “काका, सहाच टेबलं दिसतात.”

“कुणाच्या नावानं आत शिरलीस? तुला जेवढी परवानगी, तेवढंच ते दाखवतंय. कुणी हात लावू नये म्हणून म्या एक टेबल बंद ठेवलं व्हतं. सांगायचं राहिलं, माझीच चूक. डॉक्टरांकडं मुख्य पासवर्ड हाय, त्यानं शीर.”

ती तशी शिरली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता मी सात नावं सांगितली. सातव्या टेबलात धुरपताबाईंची एकच ओळ होती: पेनिसिलिन, तोंडाला सूज, धाप. वर्षाराणीच्या हातात तेच होतं. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी औषध बदललं.

ते सातवं टेबल मला सुरुवातीपासून ठाऊक होतं. पण विचारणाऱ्याला हक्क नसला की ‘तिथं कुलूप आहे’ एवढंसुद्धा मी सांगत नाही, खोलीच नाही असं भासवतो. मला नियम तसाच आहे. तरी त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

आता ती नोंद नव्या स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसते. जाताना धुरपताबाई कॉम्प्युटरवर हात ठेवून म्हणाल्या, “ह्येनं वाचिवलं बघा.” मला लपायला जागा सापडेना.

मला खुशाल विचारत जा. पण मी ‘नाही’ म्हणालो, तर समोर बसलेल्या बाईला एकदा परत विचारा.