खेळातलं रान

आबासाहेब शाळेच्या फाटकातून आत आले, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या रेश्माबाई वर्गाच्या दारातच थांबल्या. कळंबच्या या शाळेत बारा टॅब आले ते आबासाहेबांच्याच शब्दावर, आणि त्यांनी मनात आणलं तर उद्याच ते कपाटात कुलूपबंद होणार होते. मागे त्यांची नात संस्कृती, मान खाली घालून. सातवीतली पोर, एरवी तिचं तोंड मिटत नसे.

"बाई, तुमचा खेळ माझ्या उसात शिरलाय," आबासाहेब म्हणाले.

काल कालव्याच्या फाट्याच्या पाण्याची त्यांची पाळी होती. पाणी या सरीतून त्या सरीत वळवायला संस्कृतीला बसवून ते चहाला गेले. येऊन बघतात तर पोरीनं निम्म्यातच पाणी तोडून शेजाऱ्याकडं सोडलेलं. इकडे आलेली पाळी कुणी सोडत नाही. गरज असो नसो, रान तुडुंब भरून घ्यायचं, ही बापजाद्यांची रीत. आता पुढची पाळी वीसेक दिवसांनी.

विज्ञानाच्या तासाला टॅबवर तो खेळ रेश्माबाईंनीच लावला होता. पडद्यावरच्या शेताला पाणी द्यायचं, मातीच्या ओलाव्याचा काटा लाल झाला की थांबायचं. खरं रान म्हणजे पडदा नव्हे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. ऊस वाळला तर गावाला काय तोंड दाखवायचं?

"दावा मला," म्हणत आबासाहेब मुलांच्या बाकावर कसेबसे बसले.

त्यांनी जन्मभर दिलं तसंच पाणी दिलं, सढळ हातानं. काटा लाल झाला. त्यांनी अजून दिलं. खेळातली वर्षं भराभर सरली; जादा पाण्यानं तळातलं मीठ वर आलं, शेत पांढरं पडलं, ऊस खुरटला. वर्गात कुणी हसलं नाही.

"माझ्या वढ्याकडच्या तुकड्यावानी झालं," ते हळूच म्हणाले. "मी आपला खताला शिव्या देत बसलो. आता हे नीट कसं करायचं?"

"खालचं बटण दाबा. शेत पुन्हा नवं होतं."

त्यांनी दाबलं. रान काळंभोर झालं. म्हातारा बघतच राहिला.

"आन माझ्या रानाचं बटन कुठं हाय, बाई?"

"न्हाय ना, आबा," संस्कृती म्हणाली. "म्हणून तर मी पाणी तोडलं."

आबासाहेबांनी टॅब परत दिला नाही. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाणी सोडलं, आणि या वेळी नजर काट्यावर ठेवली.