ओनेझिमनं मोजलेली फौज

रानरेड्यांचे कळप होते त्या काळात ओनेझिम टेकडीवर उभा राहून नुसत्या नजरेनं सांगायचा, खाली किती जनावरं आहेत ते. फरक पडला तर दहा-वीसचा. कळप संपले, शिकारी नदीकाठी शेती करू लागले, पण त्या नजरेचं नाव राहिलं. म्हणून १८८५च्या वसंतात ओटावाच्या सरकारनं मेती लोकांचं, म्हणजे फ्रेंच बाप आणि आदिवासी आयांच्या वंशजांचं, बंड मोडायला फौज धाडली, तेव्हा पंचांनी साठीतल्या ओनेझिमलाच बोलावलं. शिकारीच्या दिवसांपासूनचा म्होरक्या पात्रिस त्याला म्हणाला, दक्षिणेला जा आणि मोजून ये.

दोन दिवस तो झुडपांत पोटावर पडून राहिला. त्यानं तंबू मोजले, घोडे मोजले, शेकोट्या मोजल्या. तोफा मोजल्या. हातानं दांडा फिरवला की गोळ्यांचा पाऊस पाडणारं एक यंत्र होतं, तेही पाहिलं. ओढ्यावर एक कोवळा शिपाई सदरा धूत होता. सदरा हातातून सुटला आणि प्रवाहाबरोबर निघाला, तसा तो ओरडत मागं धावला, बाकीचे हसले. बंदुकीच्या टप्प्यात होता. ओनेझिमनं बंदुकीला हात लावला नाही. पण आपल्या गावातला कोणीतरी लावेल, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

आपल्या गावी, बतोशला परतल्यावर त्यानं पंचांपुढं आकडा सांगितला. आठशेच्या वर माणसं. आपण अडीचशे, त्यातल्या निम्म्यांकडं पाखरं मारायच्या बंदुका. आणि त्यांच्यातला एक पडला, तर आगगाडी दुसरा आणून टाकते; आपला पडला, तर त्याची जमीन कोण नांगरणार?

"मग काय करायचं म्हणतोस?" पात्रिसनं विचारलं.

"येशूनं सांगितलंय तेच. वीस हजार घेऊन येणाऱ्याला दहा हजारांनी थोपवता येईल का, हे राजा आधी बसून बघतो. येत नसेल, तर तो लांब आहे तोवरच माणसं पाठवून तह मागतो. अजून ते लांब आहेत, पात्रिस."

"तुला मोजायला पाठवलं होतं, प्रवचन द्यायला नाही," पात्रिस म्हणाला, आणि खोली हसली. कोणीतरी मागून म्हणालं, लढू नका म्हणणाऱ्या पाद्र्यानं याला चहा पाजून पाजून भित्रा केलाय.

हसणाऱ्यांत त्याचा जावई दमास नव्हता. तो मान खाली घालून बाहेर पडला आणि सासऱ्याबरोबर घरी आला. ओनेझिमची लेक फिलोमेन चुलीवर रोट्या भाजत होती. तिच्यासमोरच दमास म्हणाला, "मामा, अर्ज किती केले आपण? दहा वर्षं. नदीकाठच्या आपल्या लांब पट्ट्यांवर सरकारी मोजणीदार चौकोन आखायला आले, तेव्हाही अर्जच केला. एकाला तरी उत्तर आलं का?"

"नाही आलं."

"तह तरी कोणाशी करायचा? ऐकणारा कुठाय?"

ओनेझिम एवढंच म्हणाला, की आपली बाजू न्यायाची आहे म्हणून त्यांच्या तोफा कमी होत नाहीत, आणि ती पोरंही कोणाची तरी आहेत. दमासनं बंदूक उचलली. फिलोमेननं नवऱ्याच्या झोळीत रोट्या भरल्या. तिनं बापाकडं पाहिलं नाही.

आणि मग घडलं उलटंच. पहिल्या गाठीला दीडशे मेतींनी फौजेला एका घळीपाशी दिवसभर अडवून धरलं. सोजीर थबकले, दोन आठवडे जागचे हलले नाहीत. दमास धडधाकट परतला. चर्चपुढच्या पटांगणात सारंगी वाजली, माणसं नाचली. पात्रिसनं ओनेझिमच्या खांद्यावर थाप मारली.

"काय रे, तुझा तो राजा काय म्हणतो आता?"

ओनेझिम हसला. हसला, हेच त्याला पुढं जाळत राहिलं. आपली नजर म्हातारी झाली असेल, असं त्याला वाटलं. देवच आपल्या बाजूनं असेल, असंही वाटलं. तह मागायला अजून दोन आठवडे होते. पुन्हा पंचांकडं जायचं त्याच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा लोकांची हसणारी तोंडं आठवली आणि तो सरपण फोडत बसला.

मे महिन्यात फौज बतोशवर आली. चार दिवस लढाई चालली. ओनेझिम बंदूक न घेता खंदकांतून पाणी आणि रोट्या पोचवत होता. तिसऱ्या दिवशी गोळ्या सरत आल्या, तशी माणसं बंदुकीत खिळे ठोसू लागली, मग नदीतले खडे. चौथ्या दिवशी दुपारी सोजीर आरोळ्या देत उतारावरून धावत आले, आणि सगळं तासाभरात आटोपलं.

दमास त्याला खंदकाच्या कडेला सापडला. पोटात गोळी होती. त्यानं पाद्री मागितला. हत्यार उचलणाऱ्याला पापक्षमेचा संस्कार देणार नाही, असं फादरांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं. आता तर त्यांच्यापर्यंत पोचायची वाटच नव्हती. ओनेझिमला त्या क्षणी फादरांचा राग आला, आणि लढू नका असं आपणही त्यांच्यासारखंच म्हणत होतो याची लाज वाटली. त्यानं दमासचं डोकं मांडीवर घेतलं, पश्चात्तापाची प्रार्थना एकेक शब्द करून म्हटली. दमास मागून म्हणत गेला. मधेच थांबला.

"मामा, मी एकाला मारला. चेहरा दिसला त्याचा."

"सांग देवाला. ऐकतोय तो."

दमासनं सांगितलं. अंधार पडायच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी ओनेझिम उशीचा पांढरा अभ्रा काठीला बांधून छावणीत गेला आणि आपली माणसं पुरायची परवानगी मागितली. ती मिळाली. महिन्यापूर्वी यापेक्षा बरंच काहीतरी मागता आलं असतं, हे त्याला परतीच्या वाटेवर चालवेना इतकं जड झालं.

फिलोमेन मातीपाशी रडली नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, बा?"

"होतं."

"मग एकदाच का बोललात?"

"लोक हसले म्हणून," तो म्हणाला. दुसरं कारण त्यानं शोधलं होतं, पण सापडलं नव्हतं.

उन्हाळाभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो तिचं शेत नांगरायचा आणि संध्याकाळी एक कागद घेऊन घरोघर फिरायचा: जमिनीचे पट्टे आमच्या नावावर करा, असा पुन्हा एक अर्ज. काहींनी दार लावून घेतलं. पात्रिसचा उजवा हात निकामी झाला होता. त्यानं कागद गुडघ्यावर पसरला.

"उत्तर येईल असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण या वेळी मी गप्प बसणार नाही. पुन्हा लिहीन."

पात्रिसनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. फिलोमेननं कागद हातात घेतला तो शरदातल्या पिवळ्या उन्हात, कापणीच्या वेळी. सही केली नाही. टेबलावर ठेवून त्यावर मिठाची बरणी ठेवली, म्हणाली, "वाऱ्यानं उडेल," आणि बापापुढं चहा सरकवला.