चौघांची मिळून एक रेघ

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, माझ्याकडे एकदा बघितलं तरी कळतं. खाली लोखंडी पाट, मागे एक खांब, खांबावर ताटाएवढी तबकडी आणि तिच्यात एक सुई. मला हात नाहीत, तोंड नाही. जे सांगायचं ते सुईने सांगायचं, आणि तेही आकड्यात. ‘बरं वाटतंय ना?’ असं मला कुणाला विचारता येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तुमचा जन्म झाला तेव्हा तुमचं वजन केलं असेल. माझा झाला तेव्हा माझ्यावर वजनं ठेवली. मी सगळी बरोबर ओळखली. तपासनीसाने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि म्हणाला, हा काटा कधी खोटं बोलणार नाही. मी फुलून गेलो. खोटं न बोलणं आणि खरं सांगणं यांत बरंच अंतर असतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीची वर्षं मी बटाट्याच्या गोदामात काढली. बटाट्यांना आपल्या वजनाबद्दल काहीही म्हणायचं नसतं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ. पुढे गोदाम बंद पडलं आणि मला एका लाँड्रीने विकत घेतलं.

ही लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल गाठोडी बांधून यायचे. गाठोडं माझ्यावर टाकायचं, आकडा बघायचा, उचलायचं. आत काय आहे ते कुणी सोडून बघत नसे. एकेक टॉवेल वेगळा तोलत बसलं तर सकाळची संध्याकाळ होईल. गाठोड्याचं वजन ते वजन, अशी तिथली रीत होती. पुढे जे झालं ते या रीतीमुळे झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तिथे चौघं जण होते. मुकादमांना सगळे दादा म्हणत. दादा दारातून आत आले की खोलीत थोडा अंधार व्हायचा. त्यांचा गुडघा पार कामातून गेला होता, आणि वजन उतरवल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरी इस्त्रीमावशी. ती चहात साखर घालत नसे, साखरेत चहा घालायची. तिसरा व्हॅनवाला. त्याच्या पोटावरून त्याला ढोल म्हणत, आणि तोही फोन उचलून ‘ढोल बोलतोय’ म्हणायचा. चौथी रफूताई. ती खिडकीपाशी मशीनवर बसून फाटक्या चादरी शिवायची. वयाने सगळ्यांत लहान. तिचं जवळचं असं कुणी नव्हतं. भाड्याच्या एका खोलीत राहायची. बाकीचे मुकादमांना दादा म्हणायचे ते सवयीने, ही मात्र म्हणायची ते मनापासून. उशीच्या अभ्र्याला वजन उतरवायची जेवढी गरज असते, तेवढीच तिला होती.

दादांनी खाणं कमी करायचं ठरवलं तेव्हा बाकीचेही म्हणाले, आम्हीही करतो, तुम्ही एकटे कशाला. एका शनिवारी दुपारी चौघं माझ्यापाशी आले. पहिले दादा चढले. ढोल वाकून सुई बघत म्हणाला, ‘दादा, एक पाय खाली घ्या, त्याचं पुढच्या शनिवारी करू.’ दादाही हसले. मग मावशी चढली. तिने आकडा बघितला, खाली उतरली आणि संध्याकाळपर्यंत एकच अभ्रा इस्त्री करत राहिली.

यावर तोडगा रफूताईने काढला. ती म्हणाली, ‘आपण गाठोड्याचं करतो ना? मग आपणही गाठोडंच. चौघांनी एकदम उभं राहायचं. कुणाचं किती, कुणाला कळायलाच नको.’

सगळ्यांना हे फार आवडलं. मलाही आवडलं. यात माया होती, हे मी आजही नाकारणार नाही.

तेव्हापासून दर शनिवारी चौघं एकमेकांना धरून माझ्यावर उभी राहायची. बोट बुडताना माणसं उभी राहतात तशी. सुई थांबली की दादा तबकडीच्या काचेवर खडूने रेघ मारायचे. पुढच्या शनिवारी सुई रेघेच्या खाली आली की टाळ्या, मग जुनी रेघ पुसायची, नवी मारायची.

पहिले काही आठवडे सगळं रीतसर चाललं. तळलेलं बंद झालं. मावशीच्या कपात चहा दिसायला लागला. काम संपल्यावर चौघं रस्त्याच्या टोकापर्यंत चालून यायची, आणि ढोल मागे राहिला तर तिघं थांबायची. रेघ उतरत गेली. मावशी रफूताईला म्हणाली, ‘सगळा तुझा पायगुण गं.’ त्या पोरीला तिच्या पायांबद्दल याआधी कुणी काही म्हटलंच नव्हतं. ती दिवसभर उगाच चपला वाजवत फिरली.

मग एका शनिवारी सुई रेघेच्या वर गेली. दादा स्टुलावर बसले आणि गुडघा चोळत म्हणाले, ‘जाऊ दे. हा गुडघा असाच घेऊन वर जायचं.’ त्या दिवशी त्यांनी रेघही मारली नाही.

त्या आठवड्यात रफूताईने दुपारचं जेवण सोडलं.

मित्रांनो, माझी सुई एक असली तरी पाटावरचे पाय मला वेगवेगळे कळतात. कोपऱ्यातले ते दोन पाय हलके व्हायला लागले, हे मला पहिल्याच शनिवारी कळलं. पण सुईला बेरीज तेवढी सांगता येते, आणि बेरीज झकास उतरत होती.

रेघ उतरतेय म्हटल्यावर बाकीच्या तिघांना वाटलं, आपलंच उतरतंय. ज्याला त्याला असंच वाटत होतं. मग हळूहळू सैल सुटले. चालणं रस्त्याच्या टोकाऐवजी टोकावरच्या बेकरीपर्यंत आलं. दादा केक खात म्हणायचे, एवढं खाऊनही उतरतंय, म्हणजे व्यायाम अंगी लागला. रफूताई आपला डबा ढोलला द्यायची आणि ढोल आपल्या डब्यानंतर तो खायचा. म्हणजे काही वजन कुठेच गेलं नव्हतं. माझ्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकलं होतं, इतकंच.

मध्ये एकदा दादा तपासणीला हॉस्पिटलात गेले. तिथल्या काट्यावर त्यांचं वजन वाढलेलं निघालं. परत आले ते तणतणतच. एवढं मोठं हॉस्पिटल आणि काटा बिघडलेला. मावशी म्हणाली, तक्रार करा. ढोलने ओल्या फडक्याने माझी काच पुसली आणि म्हणाला, काटा असावा तर असा. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक. जमिनीत जागा असती तर मी तिथेच गाडून घेतलं असतं.

रफूताई आता वाफेने भरलेल्या त्या खोलीत स्वेटर घालून बसायची. स्टूल हाडांना टोचतं म्हणून खाली टॉवेलांच्या घड्या ठेवायची. तिची शिवण सरळ येईना. केस विंचरले की मूठभर हातात यायचे, ते ती कचऱ्यातल्या धाग्यांत लपवून टाकायची. हे लोक आंधळे होते असं समजू नका. त्यांना दिसत होतं. ते तिचं कौतुक करत होते. काय छान दिसायला लागलीस, दृष्ट लागेल कुणाची. मावशीने एकदाच विचारलं, ‘जेवतेस ना गं वेळेवर?’

‘घरून पोटभर खाऊन येते, मावशी.’

मावशीने चादर उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवली.

एका शनिवारी रफूताई आलीच नाही. थोडं गरगरतंय, आज पडून राहते, असा तिने निरोप पाठवला. दादांना हळहळ वाटली, पण शनिवार चुकवायचा नव्हता. ढोल म्हणाला, त्यात काय, तिच्याएवढं एक गाठोडं ठेवू तिच्या जागी. सगळ्यांना ही कल्पना बेहद्द आवडली. मावशीने हातांनी हवेत एक पोरगी मापली, नजरेने अंदाज घेतला आणि टॉवेलांचं एक गाठोडं निवडलं. एवढी असेल आपली पोर, म्हणाली. ते तिच्या कोपऱ्यात ठेवून तिघं चढली.

सुई रेघेच्या खूपच वर गेली.

ढोलला हसू आवरेना. गैरहजर राहूनही वाढली बघा, म्हणाला. त्याने गाठ सोडून एक टॉवेल बाहेर फेकला. सुई थोडी हलली. आणखी एक फेकला. अजून वर. मग तो दोन्ही हातांनी काढत सुटला आणि दादा हसत हसत, टाक, अजून टाक, म्हणत राहिले. फरशीवर टॉवेलांचा ढीग झाला. दादांचं हसणं मध्येच कुठेतरी थांबलं. ढोल आता एकेक टॉवेल सावकाश काढत होता आणि प्रत्येक वेळी वर सुईकडे बघत होता, थांब म्हणेल या आशेने. मी काय करणार? रेघ अजून खाली होती.

शेवटी सुई रेघेवर आली. मावशी खाली उतरली. गाठोड्यात जे उरलं होतं ते तिने एका हाताने उचललं.

‘हे एवढंच?’

‘काटा अडकलाय,’ दादा म्हणाले. त्यांनी मला लाथ मारली. मग कपाटातली तपासणीची वजनं आणून एकामागून एक माझ्यावर ठेवली. मी सगळी बरोबर सांगितली. चुकावं असं मला जन्मात तेवढ्याच वेळी वाटलं, आणि तेही जमलं नाही.

ढोल ढिगाकडे बघत म्हणाला, ‘तिचा डबा मी खायचो.’

‘कधी?’

‘रोजच. ती म्हणायची, मला जात नाही.’

तिघं व्हॅनकडे पळाली. दादाही, त्या गुडघ्यावर. मावशीच्या हातात ते उरलेलं गाठोडं तसंच होतं.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो, कारण मला चाकं असली तरी ती फिरत नाहीत. दार आतून बंद होतं. दादांनी खांद्याने तोडलं. ती पलंग आणि मोरी यांच्यामध्ये जमिनीवर पडली होती, श्वास चालू होता. हॉस्पिटलात शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, ‘दादा, रेघ उतरली?’ मावशी म्हणाली, ‘चुलीत घाल ती रेघ.’ मावशी ही हकिगत पुष्कळांना सांगते आणि दर वेळी इथेच थांबते.

पोरीचं हृदय अशक्त झालंय. ते किती भरून येईल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. तिथल्या सिस्टरने मात्र तिघांना बाकावर ओळीने बसवून झापलं. वजन उतरवायचं तर ज्याचं त्याने, आपल्या डॉक्टरला विचारून. ज्याला गरज नाही त्याने मुळीच नाही. गोड आणि तळलेलं कमी करा, भाज्या वाढवा, पण एकही जेवण बुडवायचं नाही. रोज चाला. हळूहळूच उतरू द्या, झपाट्याने उतरलं तर टाळ्या वाजवू नका, घाबरा. आणि एकमेकांना धीर द्यायचा तर आकड्याचा देऊ नका. आज जिना चढताना दम कमी लागला ना, असं म्हणा. ढोलने हात वर करून विचारलं, चालताना बोललेलं चालतं का? सिस्टर म्हणाली, बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला.

बरेच दिवस माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. गाठोड्यांसाठी नवा काटा आला. मी कोपऱ्यात गेलो, माझ्यावर साबणाची खोकी रचली. काचेवरची शेवटची रेघ कुणी पुसली नाही, ती धुळीने आपोआप गेली. दादा रोज रस्त्याच्या टोकापर्यंत जातात, बेकरीच्या बाजूने मावशी चालते. दादांचं खरोखर उतरतंय, पण इतकं हळू की त्यांना अजून ऑपरेशनची तारीख मिळालेली नाही.

मग रफूताई परत आली. अर्धा दिवस काम, तेही बसून. आठवड्याला वजन करायचं, पण तिने सुईकडे पाठ करून उभं राहायचं आणि आकडा तिला सांगायचा नाही, असं हॉस्पिटलने सांगितलंय. म्हणून माझ्यावरची खोकी काढली.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. मला तेल घालू नका, रंग लावू नका. गाठोडं असेल तर माझ्याकडे आणा, मी अचूक सांगेन. माणूस असेल तर आधी त्यालाच विचारा. तो ‘खाऊन आलोय’ म्हणाला तर तिथे थांबू नका. त्याच्या शेजारी बसा आणि जेवताना बघा.

काल ती माझ्यावर चढली. पाठ माझ्याकडे, हात मावशीच्या हातात. दादांनी सुई बघितली. ती मागच्या वेळेपेक्षा खाली होती.

‘दादा, ठीक आहे ना?’ तिने विचारलं.

‘चल, जेवायला बसू,’ दादा म्हणाले.

चौघं खिडकीपाशी बसली. तिच्या ताटात थोडा भात आणि एक उकडलेलं अंडं होतं. ती एक घास घ्यायची आणि बराच वेळ तो तोंडात धरून ठेवायची. तिघांची ताटं केव्हाच रिकामी झाली होती. ढोल मुद्दाम रिकाम्या ताटात चमचा फिरवत बसला. भोंगा वाजला, सुट्टी संपली. पलीकडच्या खोलीतली यंत्रं सुरू झाली. इकडे कुणीही उठलं नाही.