सात नंबरचे वाडगे

मिसूरीच्या बाजारांतून एकशे बारा वासरे बारा तासांचा ट्रकप्रवास करून नेब्रास्कातल्या आमच्या फीडलॉटवर, म्हणजे विक्रीसाठी वासरे पोसण्याच्या तळावर, उतरली, त्या दिवशी वारा दक्षिणेचा होता. संध्याकाळी तो उत्तरेचा झाला आणि पुढे आठवडाभर त्याला स्वतःचेच मन कळेना. दुपारी सदरा घामाने भिजे, पहाटे गव्हाणीच्या कडेवर हिम दाटलेले असे. अशा दिवसांत दमलेल्या वासरांना फुप्फुसाचा ताप धरतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

व्हर्लिनमामालाही ते ठाऊक होते. तरीही उतरतानाच सगळ्यांना सरसकट प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याचे त्याने टाळले, कारण एका डोसाला वीस डॉलर पडत होते. ही वासरे घेण्यासाठी त्याने ओढ्याकाठचे कुरण विकले होते. ती वसंतापर्यंत अंगाने भरली तर फीडलॉट आमचा राहणार होता. नाहीतर ही लोखंडी फाटके पुढच्या वर्षी दुसऱ्याच कोणाच्या हाताने उघडणार होती.

"तू आहेस ना घोडीवर," तो मला म्हणाला. "आजारी दिसेल तेवढंच बाहेर काढायचं. सगळ्यांचे लाड नकोत."

त्याआधी तीस वर्षे हे काम डेल्बर्ट क्राउसने केले होते. खुबा मोडून तो घरी बसला, तेव्हा त्याचे खोगीर माझ्याकडे आले. नजर आली नाही.

पहिल्या सकाळी मी सात नंबरच्या वाडग्यात, वासरांच्या कुंपणात, शिरलो आणि घोडी थांबवून एकेका वासराकडे टक लावून पाहिले. सुस्त वाटली ती नऊ बाहेर काढली. ताप मोजला, तर त्यांतल्या सातांना काहीच नव्हते. मामा थर्मामीटर पुसत म्हणाला की आळशी जनावर आणि आजारी जनावर यांतला फरक मला तरी कळायला हवा, आरशात रोज एक आळशी जनावर पाहतोच की मी. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी चुकण्याच्या भीतीने दोनच काढली. चौथ्या दिवशी चार मेलेली सापडली, आणि त्यांतले एकही मी कधी बाजूला काढलेले नव्हते. आदल्या सकाळी ती चारही ताठ उभी राहून, कान टवकारून माझ्याकडे पाहत होती.

एक वासरू म्हणजे अठराशे डॉलर. पण मामाला खरी धास्ती मेलेल्यांची नव्हती. मेलेले एकदाच बुडवते. फुप्फुस खराब होऊन वाचलेले रोज खाते आणि अंगाला काही लावून घेत नाही. जेवताना तो काट्याने ताटातले बटाटे इकडून तिकडे सरकवत राही. मला खुर्चीत बसवत नसे. मी उठून कुंपणापर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई.

शेवटी मी डेल्बर्टच्या दारात उभा राहिलो. टोपी हातात फिरवत राहिलो. त्याने कॉफी ओतली आणि मी काय करतो ते विचारून घेतले.

"म्हणजे तू त्यांच्याकडे बघत बसतोस," तो म्हणाला. "अरे, ती सावजाची जात. जो दुबळा दिसतो, त्यालाच लांडगा आधी धरतो. तू बघितलंस की मरायला टेकलेलंसुद्धा ताठ होतं. कोणी बघितलं की तू नाही का खांदे सरळ करत? आत्ताही केलेस."

मी खांदे सैल सोडले. तो हसला नाही.

"नजर पलीकडच्या कुंपणावर ठेव. त्यांच्यामधनं सावकाश जा, जसं काही दुसरंच काम आहे. पार गेलास की खांद्यावरनं मागं बघ."

दुसऱ्या दिवशी मी तसेच केले. आयुष्यभर लोकांच्या नजरा चुकवत आलो होतो. ते कसब इथे कामी येईल असे कधी वाटले नव्हते. घोडी अस्वस्थपणे कान हलवत चालली. धूळ उडत होती, आंबवलेल्या मक्याचा वास वाऱ्यासरशी येई आणि जाई. पलीकडच्या कुंपणाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिले.

कान पडलेले होते. माना लांबवून, पोटे आत ओढून ती श्वास घेत होती. एकतीसपर्यंत मोजले आणि मोजणे सोडले.

मामा फाटकाशीच होता. मी घोडीवरून उतरलो.

"किती?" त्याने विचारले.

"सगळ्यांना द्यायला हवं."

तो आत पाहू लागला. एकशे आठ माना उंचावल्या, कान उभे झाले.

"कुठायत तुझी आजारी? ही तर माझ्यापेक्षा धडधाकट आहेत."

या वेळी मी नजर खाली केली नाही.

"मामा, पाठ करा त्यांच्याकडे. कुरणाकडे तोंड करून उभे राहा."

"कशाला?"

"थोडा वेळ फक्त."

कुरण विकल्यापासून त्या दिशेला त्याने मान वळवलेली मी पाहिली नव्हती. तो वळला. ओढ्याकाठी कोण्या परक्याच्या गाई चरत होत्या. आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो. बराच वेळ वाऱ्याने पत्रे तेवढे वाजत होते. मग मागून एक खोकला आला, दबलेला, कोरडा. मग दुसरा. मग डाव्या कोपऱ्यातून तीन-चार एकदम, आणि त्यानंतर ते थांबेचनात.

मामाने मान वळवली नाही. वळवली असती, तर सारे पुन्हा गप्प झाले असते.

"डॉक्टरला फोन लाव," तो कुरणाकडे पाहत म्हणाला. "एकशे आठ डोस सांग. आत्ता."