विहिरीवरचा काळा शाप

“काळी! काळी पडली!” चौकात एकच गलका उठला. गल्लीत उतरलेल्या मांत्रिक बाबांनी काचेची चिमुकली बाटली उंच धरली होती. परवा तिच्यात शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या विहिरीचं नितळ पाणी भरलं होतं. आज त्याची शाई झाली होती.

“जिथं शापाची सावली, तिथलं पाणी काळं!” बाबा गरजले. “पोरं आजारी का पडतात, कळलं ना? माझी मंतरलेली भुकटी विहिरीत पडू द्या, पाणी नितळ राहतं की नाही बघा! पण आधी या बाईला गल्लीबाहेर काढा!”

गर्दीतला पाणी तपासनीस बाटली बघताच मागे सरकला. बाटली त्याच्याच कचेरीची होती. वर्षभर त्यानं एकही विहीर तपासली नव्हती. पंख्याखाली बसून रकान्यात ‘पिण्यायोग्य’ लिहायचं, की झालं काम! साहेब तपासणीला येणार म्हणताच न वापरलेल्या बाटल्यांचं खोकं त्यानं बाबांच्या गळ्यात मारलं होतं. वर बाटली कशी वापरायची, तेही ऐटीत समजावलं होतं.

मावशींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. “अरे, तूच सांग ना यांना! पाणी चांगलं आहे म्हणून तूच लिहिलंयस ना?”

त्याची मान वर होईना. “मावशी... मी तुमच्या विहिरीवर आलोच नव्हतो.”

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. बाटलीत औषध असतं. पाण्यात मैल्यातले जंतू असले, की दोन दिवसांत ते काळं पडतं. भुकटी म्हणजे साधी ब्लीचिंग पावडर. तिनं जंतू मरतात.

“जीभ झडेल तुझी!” बाबा ओरडले.

“झडू दे. आधी तपासून बघू.”

त्यानं सगळ्यांसमोर मावशींच्या विहिरीचं पाणी काढलं. बाबांकडच्याच खोक्यातल्या एका बाटलीत ते तसंच भरलं, दुसरीत कचेरीतली पावडर घालून अर्ध्या तासानं. तिसरीत स्वतःच्या घरच्या विहिरीचं. तिन्ही बाटल्या शाळेच्या कपाटात ठेवल्या, किल्ली मुख्याध्यापिकांकडे दिली.

दोन दिवसांनी कपाट उघडलं. पहिली काळी. दुसरी नितळ, ना मंत्र ना तंत्र. तिसरीही काळीच, तेच पाणी त्याची आई रोज पीत होती. मावशींच्या भिंतीपलीकडे संडासाची टाकी फुटलेली सापडली. बाबांनी तोवर पोबारा केला होता.

“माझी पोरगी आठ दिवस इस्पितळात आहे,” एक आई त्याला म्हणाली. “बाबा तर लबाडच होता. पण तू?”

त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. “माझ्याही शब्दावर जाऊ नका,” तो कसाबसा म्हणाला. “बाबा सांगो की सरकारी माणूस, ‘दाखव’ म्हणा. डोळ्यांसमोर तपासून घ्या.”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या बायकांकडे वळल्या. “टाकी दुरुस्त होईस्तोवर पाणी उकळून प्या गं. आणि उद्यापासून विहिरी तपासायला आपणही याच्याबरोबर जायचं.”