जिभेखालचं तेल

डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि वर समजावूनही सांगितलं, "भांगेच्या पानांचं तेल आहे. परवान्याचं आहे, घाबरू नका. जिभेखाली थोडे थेंब टाका, मळमळ थांबेल, झोप लागेल." श्यामसुंदररावांनी मान डोलावली. सही-शिक्का दिसला की मान डोलवायची, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. बाटली घेऊन ते मुलुंडला घरी आले, तर बायकोने, जयंतीबाईंनी, ओठ घट्ट मिटून घेतले.

केमोनंतर त्यांच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. बाई चादरीखाली दिसेनाशा झाल्या होत्या. तरी म्हणाल्या, "गांजाच ना हा?"

"अगं, भांग. औषध आहे. आता डॉक्टरच देतात."

"मग माझा श्रेयस का गेला?"

श्यामसुंदररावांनी बाटली उशाशी ठेवून दिली.

श्रेयस कॉलेजात असताना त्याच्या बॅगेत गांजाची पुडी सापडली, तेव्हा त्यांनीच पोराचा दंड धरून त्याला चौकीवर नेलं होतं. पांढरपेशा माणसाचा कायद्यावर केवढा तो विश्वास! साहेब दम देतील, पोरगा सुतासारखा सरळ येईल, दोघं चहा पिऊन घरी परतू, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. झाली केस. परतले ते एकटेच. श्रेयस जामिनावर सुटला तो मामाकडे गेला आणि पुन्हा घरी म्हणून फिरकला नाही. आता सांताक्रूझला राहतो, म्हणजे मुंबईतच, पण दिवाळीलाही कधी आला नाही. आईशी फोनवर बोलायचा, तेही बाबा घरात नसले तरच.

त्या दिवशी जयंतीबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांनी नवऱ्याला अडवलं नव्हतं. ते अडवणं आता चाललं होतं. "ज्याच्यापायी माझं पोर गेलं, ते मी जिभेवर ठेवायची नाही. मेले तरी नाही," त्या म्हणाल्या, आणि ओकारीसाठी पुन्हा भांडं मागितलं.

विनवण्या झाल्या, चिडून झालं. एकदा श्यामसुंदरराव तिच्यासमोर हात जोडून बसले, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी त्यांनी मुलाला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आईला सांग रे, औषध घे म्हणून. तुझं तरी ऐकेल."

पलीकडून श्रेयसने औषधाचं नाव विचारून घेतलं. मग, "येतो."

श्रेयस आला. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. बापाकडे न बघता तो आईच्या उशाशी बसला. तिने त्याचा चेहरा चाचपला आणि शाळकरी पोरीने परवानगी मागावी तसं विचारलं, "श्रेयस, घेऊ का रे मी? तुला वाईट नाही ना वाटणार?"

एवढा मोठा बाप्या माणूस, पण आईच्या चादरीत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. कुठल्या काळजाने बाईंनी ते विचारलं असेल, कोण जाणे! मग डोळे पुसून त्याने स्वतःच बाटली उघडली. "आई, आ कर."

तिने मुकाट्याने तोंड उघडलं. संध्याकाळी मऊ भाताचे दोन घास खाल्ले आणि ते पोटात राहिले.

ती झोपल्यावर श्रेयस दाराशी बूट घालू लागला. श्यामसुंदरराव त्याच्याजवळ येऊन उभे राहिले.

"चुकलं रे माझं. ते औषधालाही चालतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं?"

श्रेयसने मान वर केली. आवाज चढवला नाही.

"आता औषध ठरलं, म्हणून चुकलं वाटतंय तुम्हाला. ते निव्वळ विष असतं ना बाबा, तरी मी तुमचाच होतो."

तो जिना उतरून गेला. आत जयंतीबाई कित्येक दिवसांनी घोरत होत्या. श्यामसुंदररावांना दार लावायचा धीर होईना. ते तसेच, उघड्या दारात उभे राहिले.